पिकाच्या मुळाशी राहणारे जिवाणू सांभाळायचे कसे? आपल्या सोलापूरच्या रानासाठी

हरभरा पेरून ३५-४० दिवस झाले की मी एक काम न चुकता करतो. खुरपं आणि पाण्याची बादली घेऊन रानात जातो, चार वेगवेगळ्या जागी बसतो आणि प्रत्येक जागेचं एक झाड मातीच्या ढेकळासकट काढतो. उपटत नाही, कारण उपटलं की मुळावरच्या, जिवाणू राहतात त्या गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपण उगाच म्हणत बसतो की गाठीच नाहीत. ढेकूळ बादलीत बुडवून ठेवलं की माती आपोआप सुटते, मग मुळावरच्या गाठी बघायच्या आणि दोन-चार नखानं फोडायच्या. आत गुलाबी, रक्तासारखा लालसर रंग दिसला की समजायचं हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळायलाय. पांढरी निघाली तर काम अजून सुरू नाही किंवा आत बसलेला जिवाणू कामाचा नाही, हिरवट-तपकिरी निघाली तर गाठ म्हातारी झाली.

तीन वर्षांपूर्वी असंच बघायला बसलो आणि दहा झाडांत मिळून मोजक्याच गाठी सापडल्या, त्याही पांढऱ्या. जिवाणू खताची पाकिटं आणली होती, पैसे मोजले होते, बीजप्रक्रिया केली होती म्हणजे पेरायच्या आधी ते बियाला लावलं होतं, तरी असं. मग मागं मागं जात हिशोब लावला तेव्हा कळलं, पाकिटं पेरणीच्या आठ दिवस आधी आणलेली आणि ती गाडीच्या डिकीतच राहिलेली, ऑक्टोबरच्या उन्हात. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. पाकिटात जे होतं ते जिवंत होतं आणि मी ते भाजून काढलं. वर बुरशीनाशक आणि जिवाणू दोन्ही एकाच घमेल्यात कालवलं होतं. तेव्हापासनं हा विषय मी नीट धरला, आणि खाली जे लिहितोय ते त्याच क्रमानं लिहितोय ज्या क्रमानं रानात करायला पाहिजे.

मुळाशी नेमकं काय चाललेलं असतं

पान उन्हात साखर बनवतं हे आपण शाळेत शिकलो. पण ती सगळी साखर झाड स्वतःकडं ठेवत नाही, त्यातला बराच वाटा, कधी पाचवा हिस्सा तर कधी त्याहून जास्त, मुळांकडून मातीत जातो, साखर म्हणा, आम्लं म्हणा, मुळाच्या टोकाचा डिंकासारखा चिकट पदार्थ म्हणा. झाड ही मजुरी देतं आणि ती खायला जिवाणू गोळा होतात. मुळाला लागून जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा मातीचा थर असतो आणि तिथं त्यांची दाटी बाकीच्या मातीपेक्षा कैक पटीनं जास्त असते, आषाढीला पंढरपुरात होते तशी. एरवी साध्या चांगल्या मातीत सुद्धा १ ग्रॅममध्ये १० कोटींपासून १०० कोटींपर्यंत जिवाणू असतात. ह्या थराला रायझोस्फिअर हे नाव १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर ह्या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं आणि ह्या थरात कोण वस्तीला आहे त्याच्यावर पिकाची रोगाशी लढायची ताकद ठरते हा विचारही त्यानंच मांडला.

आता मजुरी घेऊन हे करतात काय? नत्राचं सगळ्यांना माहीत आहे, हवेत ७८ टक्के नत्र आहे पण तो पिकाला तसाच घेता येत नाही, रायझोबियम नावाचा जिवाणू मुळाच्या गाठीत बसून तो अमोनियात बदलून देतो. ज्वारी, बाजरीला गाठी येत नाहीत, तिथं ॲझोस्पिरिलम आणि ॲझोटोबॅक्टर मुळाच्या आसपास राहून थोडा नत्र देतात, थोडाच बरं का, हरभऱ्यातल्या रायझोबियमशी त्याची बरोबरी नाही.

पण आपल्या भागासाठी मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते स्फुरदाचं (फॉस्फरसचं) काम. आपलं रान काळं, चुनखडीचं, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास. आपण डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत टाकतो, त्यातला स्फुरद पिकाला मिळायच्या आत चुन्याला जाऊन चिकटतो आणि दगडासारखा अडकून पडतो, मातीत असतो, पण मुळाला घेता येत नाही. वर्षानुवर्षं डीएपी टाकलेल्या रानात असा साठा पडून असतो. बॅसिलस, स्युडोमोनास ह्या गटातले काही जिवाणू मुळाजवळ ग्लुकोनिक आम्लासारखी आम्लं सोडतात, त्या एवढ्याशा जागेत सामू खाली येतो आणि अडकलेला स्फुरद सुटतो. ह्यांनाच आपण पीएसबी म्हणतो. अख्ख्या रानाचा सामू काय ते बदलू शकत नाहीत, तेवढी अपेक्षाही धरू नका, पण मुळाच्या त्या दोन मिलिमीटरमध्ये बदलतो आणि मुळाला तेवढंच लागतं.

लोहाचंही असंच. चुनखडीच्या रानात शेंडा पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते बघितलंय ना? मातीत लोह भरपूर असतं पण विरघळत नाही. काही जिवाणू सिडेरोफोर नावाचे रेणू सोडतात, ते लोहाला चिमट्यासारखं धरतात. ह्याचा दुसरा फायदा असा की स्युडोमोनास फ्लुरोसन्सनं लोह धरून ठेवलं की मर रोगाच्या, म्हणजे झाड वाळवणाऱ्या बुरशीला ते मिळत नाही आणि तिची उपासमार होते. हाच स्युडोमोनास बुरशीला मारणारी द्रव्यंही बनवतो, बॅसिलस सबटिलिस सुद्धा. शिवाय मुळाशी हे असले की झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती आधीपासनं जागी राहते, रोग आला की पान लवकर उत्तर देतं.

आणि दुष्काळी भागातल्या माणसानं ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताण. झाडाला ताण बसला की ते इथिलीन नावाचा वायू बनवतं आणि त्यानं मुळाची वाढ थांबते. मुळाशी राहणारे काही जिवाणू हे इथिलीन ज्या पदार्थापासून बनतं तोच खाऊन टाकतात, म्हणजे ताणातही मूळ खाली जात राहतं. शिवाय ते जो डिंक सोडतात त्यानं मातीचे कण मुळाला चिकटतात आणि ओल धरून राहते. रब्बी ज्वारीचं झाड काढून बघा, चांगल्या रानात मुळावर मातीची बाही चढवल्यासारखी असते, झटकली तरी पडत नाही. हलक्या झालेल्या, कस गेलेल्या रानात मूळ स्वच्छ उघडं निघतं.

सगळेच जिवाणू चांगले असतात असं नाही. डाळिंबावरचा तेल्या हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळंच होतो. पण तो पानावर, फांदीवर, पडलेल्या फळावर जगतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून पसरतो, म्हणून मुळाशी कितीही चांगलं कल्चर (जिवाणूंचं खत) सोडलं तरी बागेची साफसफाई, छाटणी, कात्रीचं निर्जंतुकीकरण आणि फवारणी सुटत नाही. जो कोणी ड्रिपमधून सोडायचं औषध देऊन तेल्या जाईल म्हणून सांगतो त्याच्याकडनं ते घेऊ नका.

आधी रान तपासा, खर्च नंतर

पहिल्यांदा माती परीक्षण. पीक निघाल्यावर आणि खत टाकायच्या आधी, एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर खोल म्हणजे १५ ते २० सेंमी, खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांधाजवळ, उकिरड्याजवळ, झाडाखाली, ड्रिपरच्या खाली घेऊ नका. सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यायची. डाळिंबाच्या बागेसाठी खालच्या थराचा नमुना वेगळा घ्या.

रिपोर्ट आला की सगळे आधी नत्र-स्फुरद-पालाश बघतात. तुम्ही आधी सेंद्रिय कर्ब बघा. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर, आणि आपल्या जिल्ह्यात लै रानं तिथंच आहेत, जिवाणूंच्या खायलाच कमी आहे असं समजा, पाकीट आणून उपयोग थोडाच होणार. त्याच्या नंतर सामू आणि क्षारता, म्हणजे मातीतलं मीठ. क्षारता १ च्या वर गेली की काळजीचं, कॅनॉलच्या आणि उसाच्या पट्ट्यात जिथं पाणी जास्त दिलंय तिथं हे हमखास होतं. चुनखडी घरच्या घरी कळते, वाळलेल्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका, फसफसलं की चुना आहे.

अजून एक प्रयोग सांगतो जो मला फार आवडतो. जुन्या सोलापुरी टॉवेलचा, शुद्ध सुती आणि शक्यतो बिनरंगाचा, वीतभर तुकडा कापायचा, ओल राहणाऱ्या जागी नुसतं बोट-दोन बोटं नव्हे, चांगलं १०-१५ सेंमी खोल पुरायचा आणि वर खुणेची काठी रोवायची. दोन महिन्यांनी काढायचा. सूत जिवाणू आणि बुरशीचं खाद्य आहे, त्यामुळं रान जिवंत असेल तर कापडाची चाळण होते, हातात धरलं तरी फाटतं. धुऊन परत वापरता येईल असा निघाला तर समजून जा. मी एक तुकडा बांधाच्या लिंबाखाली आणि एक रानाच्या मधोमध पुरला होता, लिंबाखालचा जवळपास गेला होता आणि मधला नुसता मळला होता. रान तेच, माती तीच, फरक पाल्याचा. कोरड्या मातीत पुरू नका, तिथं काहीच कुजत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

जे आहेत त्यांना मारणं आधी थांबवा

ह्याला एक रुपया लागत नाही म्हणून हे आधी.

पाचट आणि धसकटं जाळणं बंद. जाळल्यानं वरच्या थरातलं सगळं होरपळतं आणि जे खाद्य होणार होतं त्याचा धूर होतो.

पाणी मोजून द्या. काळ्या रानात हे सगळ्यात अवघड, कारण काळी माती पाणी धरते आणि सोडत नाही. सतत चिखल राहिला की मातीतली हवा संपते, हवेवर जगणारे चांगले जिवाणू मागं पडतात आणि बिनहवेचे पुढं येतात, ते युरियापासून तयार झालेल्या नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नत्र हवेत उडून जातो. म्हणजे तुम्ही पाणी पण जास्त दिलं आणि खत पण घालवलं. वाफसा म्हणजे काय, तर मातीच्या पोकळीत पाणी पण आहे आणि हवा पण आहे. मूठभर माती दाबली, गोळा झाला, आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे. चिकट लाडू झाला तर मोटर बंद ठेवा. डाळिंबात पांढरी मुळी चालत नाही म्हणून टॉनिकवर टॉनिक सोडणाऱ्या बऱ्याच बागांत खरं कारण एवढंच असतं की बेडखाली श्वास घ्यायला जागा नाही.

युरियाचा हात आखडा. हरभऱ्याला एकरी एक पोतं डीएपी पेरताना बास आहे, त्यातला थोडा नत्र गाठी तयार होईपर्यंत रोपाला पुरतो. वरून युरिया दिला की झाडाला आयता नत्र मिळतो आणि ते गाठींना मजुरी द्यायचं बंद करतं, गाठी कमी होतात. ज्वारीला, उसाला नत्र लागतोच, तिथं बंद करा म्हणत नाही, पण एकदम ओतण्यापेक्षा हप्त्यानं द्या.

आणि तांबं. डाळिंब, द्राक्ष करणाऱ्यांनी हे वाचाच. बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारावं लागतं, मी पण फवारतो, पण तांबं मातीत गेलं की ते कुजत नाही, धुपून जात नाही, वर्षागणिक साठत जातं आणि जिवाणूंना त्रास देतं. म्हणून फवारणी झाडावरच राहील इतकीच, ओघळून खाली पडेल अशी नको, आणि कॉपरची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) सवय म्हणून करू नका, मर दिसली आणि तज्ज्ञानं सांगितलं तरच. अँटिबायोटिक पावडरचं तर विचारूच नका, ती चांगला-वाईट बघत नाही.

मग खायला घाला

कुजलेलं शेणखत. कुजलेलं हा शब्द परत वाचा. कच्चं शेणखत टाकलं की ते कुजवायला जिवाणूंना स्वतःला नत्र लागतो, तो ते मातीतूनच उचलतात आणि पीक काही आठवडे पिवळं दिसतं, शिवाय हुमणी आणि तणाचं बी फुकट मिळतं. चांगलं कुजलेलं खत हातात घेतलं की गरम लागत नाही, शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. तो वास पण जिवाणूंचाच आहे, स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ बनवतात त्याचा.

आता खरी अडचण, शेणखत आणायचं कुठून? गोठ्यात चार-सहा जनावरं असायचे ते दिवस बहुतेक घरांत राहिले नाहीत आणि ट्रॉलीचा भाव परवडत नाही हे मला माहीत आहे. त्यावर माझा मार्ग हिरवळीच्या खताचा. रब्बी ज्वारीचं रान आपल्याकडं जून ते सप्टेंबर रिकामंच असतं. मृगाचा पाऊस झाला की त्यात ताग फेकायचा, दीड-दोन महिन्यांत फुलावर यायच्या आत गाडायचा, मधे कुजायला महिनाभर द्यायचा आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ज्वारी पेरायची. पाऊस ओढला तर हे जमत नाही, ताग खालची ओल पिऊन टाकतो आणि ज्वारीला काही उरत नाही, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस बघून निर्णय घ्या आणि ओल कमी वाटली तर ताग लवकर गाडा. चोपण (क्षारानं घट्ट बसलेलं) रान असेल तर तागापेक्षा धैंचा हे दुसरं हिरवळीचं पीक बरं. हे जमतच नसेल तर निदान उडीद-मूग घ्या आणि शेंगा तोडून झाडोरा गाडा.

फेरपालट पण खाद्यच आहे. प्रत्येक पीक वेगळी साखर, वेगळी आम्लं सोडतं आणि त्याच्यावर वेगळे जिवाणू वाढतात. एकाच रानात तेच ते पीक घेतलं की त्या पिकाचा रोग पोसणारेच शिल्लक राहतात, तूर-हरभऱ्यातली मर अशीच वाढते. आपल्याकडं ज्वारीनंतर हरभरा, करडई असं पालटायची जुनी रीत होती, ती मोडू नका.

पाकीट किंवा बाटली घेताना

पीक बघून जिवाणू घ्या. हरभऱ्याचा रायझोबियम वेगळा, सोयाबीनचा वेगळा, तूर-मूग-उडीद-भुईमुगाचा गट वेगळा. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला लावून गाठी येणार नाहीत. नुसतं रायझोबियम लिहिलंय आणि पिकाचं नाव नाही, तर ठेवून द्या तिथंच.

लेबलवर उत्पादन तारीख, शेवटची तारीख, बॅच आणि सीएफयू बघा. सीएफयू म्हणजे त्यात जिवंत किती आहेत. द्रवरूप खतात १ मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी आणि भुकटीत १ ग्रॅममध्ये किमान ५ कोटी पाहिजेत. भुकटी साधारण सहा महिने आणि द्रवरूप वर्षभर टिकतं, ते पण थंड जागी. दुकानाच्या दारात, पत्र्याखाली मांडलेलं घेऊ नका, तारीख ताजी असली तरी. कृषी विद्यापीठाची पुण्याच्या कृषी महाविद्यालयातली विक्री, मांजरीचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, आपलं कृषी विज्ञान केंद्र, अशा ठिकाणी चौकशी करा. आणून ठेवायचं ते माठाजवळ, ओल्या पोत्यात, अंधारात, पण फ्रीजरमध्ये नाही. आणि शक्यतो पेरणीच्या आदल्या दिवशीच आणा, डिकीतून नको, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून आणा.

बीजप्रक्रिया

क्रम लक्षात ठेवा: आधी रसायन, शेवटी जिवाणू, कधीच उलटं नाही आणि एकत्र नाही.

ज्वारीला आधी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं, ते काणी ह्या बुरशीच्या रोगासाठी. त्यानंतर ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम किलोला २५ ग्रॅम आणि पीएसबी २५ ग्रॅम. एकरी ४ किलो बी म्हणजे १००-१०० ग्रॅम झालं, किती स्वस्त काम आहे बघा. हरभऱ्याला एकरी ३० किलोच्या आसपास बी लागतं, त्याला आधी ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम (ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, जिवाणू नाही, पण आपल्या बाजूची बुरशी आहे), मग रायझोबियम आणि पीएसबी १० किलोला २५०-२५० ग्रॅम. द्रवरूप असेल तर बाटलीवर लिहिल्याप्रमाणं, बहुतेक किलोला १० मिली असतं.

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळायचा आणि पूर्ण थंड होऊ द्यायचा. कोमट सुद्धा नको. घाई होते म्हणून कोमट असताना कालवतात आणि तिथंच अर्धे मरतात. सावलीत गोणपाटावर किंवा प्लॅस्टिकवर बी पसरायचं, गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवून बियांवर शिंपडायचं आणि हातानं हलकं फिरवायचं. सगळं पाणी ओतू नका, बी नुसतं ओलसर होऊन प्रत्येक दाण्यावर काळपट थर बसला की थांबा. हरभरा आणि सोयाबीनची साल नाजूक असते, जास्त ओलं केलं किंवा चोळलं तर साल सुटते आणि उगवण मार खाते. सावलीत अर्धा-एक तास सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उद्यावर ठेवायचं नाही. पेरणी थांबली, ट्रॅक्टर आला नाही, तर दुसऱ्या दिवशी परत जिवाणू लावा, महाग नाही ते.

बुरशीनाशक लावलेलंच बी विकत घेतलं असेल तर जिवाणूचं प्रमाण दुप्पट करा, किंवा मी करतो तसं करा, बियाला लावायच्या ऐवजी एकरी २ किलो कल्चर १०० किलो कुजलेल्या खतात मिसळून पेरणीच्या ओळीत सोडा. रसायनाशी गाठच पडत नाही.

डाळिंबाच्या बागेत

इथं सगळा खेळ बहार धरायच्या वेळेचा आहे, म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडून फुलं आणायची. ताणात मुळं निजलेली असतात, त्या काळात काही सोडलं तरी खाणारं कोणी नाही. ताण सोडताना, बेसल डोसबरोबर (सुरुवातीच्या खताबरोबर), जिवाणू आत घालायचे आणि नंतर पांढरी मुळी सुटली की परत द्यायचे.

मी शेणखत आधी तयार करून घेतो. १०० किलो कुजलेल्या खताला १ किलो ट्रायकोडर्मा, सावलीत ढीग, वर ओलं गोणपाट, दर चार दिवसांनी एकदा वरखाली, १०-१५ दिवसांत खतावर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली दिसते. मोठ्या झाडाला हे खत २० किलोच्या आसपास, आणि खोडाला लावून नाही, ड्रिपर जिथं पाणी टाकतो त्या कडेनं हलकं माती आड करून. खायची मुळं तिथं असतात, खोडाशी खत घातलं की उलट खोड सडायला आमंत्रण. स्युडोमोनास आणि ट्रायकोडर्मा मी एकाच दिवशी देत नाही, ८-१० दिवसांचं अंतर ठेवतो, कारण काही स्ट्रेन (उपजाती) एकमेकांना दाबतात.

ड्रिपमधून द्यायचं असेल तर द्रवरूपच घ्या, भुकटी गाळली तरी ड्रिपर धरते. एकरी १ लिटर कल्चर २०० लिटर पाण्यात, संध्याकाळी. निम्मं पाणी देऊन झाल्यावर व्हेंच्युरीतून (ड्रिपमध्ये खत ओढून घेणाऱ्या साधनातून) सोडायचं आणि नंतर दहा मिनिटं नुसतं पाणी चालवायचं म्हणजे नळीत काही राहत नाही. त्या दिवशी फॉस्फरिक ॲसिड, नळ्या धुवायचं ॲसिड, क्लोरीन काही नाही. बुरशीनाशकाच्या आळवणीनंतर किमान दोन आठवडे थांबा. टाकी कालच्या औषधाची असेल तर धुवा, हे बारीक वाटतं पण इथंच जास्त नुकसान होतं. गावात नळाचं क्लोरीनचं पाणी वापरत असाल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा, विहिरीचं असेल तर प्रश्न नाही.

मर दिसायला लागली असेल तर आधी मूळ खणून बघा. मुळाला मण्यासारख्या गाठी असतील तर त्या रायझोबियमच्या नाहीत, डाळिंबाला त्या येतच नाहीत, ती सूत्रकृमी (मुळात शिरणारा बारीक जंत) आहे. ओळखायची खूण अशी: हरभऱ्याची चांगली गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि नखानं अलगद सुटते, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, सुटत नाही. खोड आडवं कापल्यावर आत करडे-तपकिरी पट्टे दिसले तर बुरशीची मर आहे, अशा झाडाला कल्चर सोडून ते वाचत नाही. ते मुळासकट काढा, जाळा, आणि शेजारच्या झाडांसाठी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात नमुना घेऊन जा. जिल्ह्यातच आहे, जायला काय लागतं.

ऊस

थोडक्यात सांगतो. बेणं १० किलो ॲसेटोबॅक्टर १०० लिटर पाण्यात कालवून त्यात अर्धा तास बुडवून लावायचं, हे हेक्टरचं प्रमाण आहे. हा जिवाणू उसाच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत राहून नत्र देतो, १९८८ मध्ये ब्राझीलच्या उसात तो सापडला. खोडव्यात पाचट सरीत दाबून त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं कल्चर. युरिया कशाला असं आमच्या अण्णांनी पण विचारलं होतं. पाचटात नत्र फार कमी असतो, कुजवणाऱ्यांना तो बाहेरून दिला नाही तर ते उसाच्या तोंडचा घेतात.

जीवामृताचं काय?

हा प्रश्न दर वेळी येतो. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, सावलीत दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवड्याच्या आत एका एकराला पाण्याबरोबर द्यायचं. मी वापरतो आणि मला ते आवडतं, गुळानं-बेसनानं मातीतल्या जिवाणूंना चालना मिळते. पण त्यात नक्की कोण किती आहे ते दर वेळी बदलतं, आणि हरभऱ्याचा ठरावीक रायझोबियम त्यात असेलच असं नाही. म्हणून बीजप्रक्रिया सोडून नुसतं जीवामृत, असं करू नका. आणि त्यानं शेणखताची भरपाई होत नाही, २०० लिटरात कर्ब कितीसा असणार?

चाललंय की नाही ते कसं बघायचं

चार ओळी सोडा. काहीच न लावता, बाकी सगळं सारखं. हे कोणी करत नाही आणि म्हणून कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही की फरक पाकिटाचा होता का पावसाचा. आधी त्या चार ओळींचं बी पेरून घ्यायचं, मग कल्चर लावलेलं, म्हणजे पेटीला चिकटलेलं मिसळत नाही. ३५-४० दिवसांनी दोन्हीकडची दहा-दहा झाडं काढून गाठी मोजा, गुलाबी किती ते वेगळं लिहा. काढणीला दोन्हीकडचं सारख्या लांबीचं वेगळं मळून वजन करा. डाळिंबात पाच झाडं सोडा, आणि पाणी चालू झाल्यावर तीन आठवड्यांनी ड्रिपरखालची बोटभर माती बाजूला करून पांढऱ्या मुळ्या बघा, फोटो काढून ठेवा.

पहिल्या वर्षी फरक दिसला नाही तरी घाबरू नका. ज्या रानात आधीपासनं हरभरा पिकतोय तिथं गावरान रायझोबियम भरपूर असतो आणि पाकिटाचा फरक थोडाच दिसतो, नव्यानं हरभरा घेतलेल्या रानात तो उठून दिसतो. सेंद्रिय कर्ब तर लै सावकाश चढतो, आपल्या उन्हात जेवढा घालू तेवढा जळतो, त्यामुळं दर वर्षी थोडं थोडं घालावंच लागतं आणि तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच जागेचं परीक्षण करून मग आकडे जुळवून बघायचे. माझ्या रानातल्या त्या मधल्या जागी मी औंदा परत टॉवेलचा तुकडा पुरलाय, संक्रांतीनंतर काढणार आहे.